शिक्का आणि सूर

कलावंतास एक नांव चिकटवून मोकळें होणें ही टीकेची सर्वांत स्वस्त तऱ्हा होय. ‘द क्युअर’ या इंग्रज रॉक वृंदाच्या नशिबीं चाळीसांहून अधिक वर्षें हीच तऱ्हा आली आहे. ‘हे गॉथ, स्मशानकळेचे उपासक’ असें एकदां म्हटलें, कीं गाणें ऐकण्याचे श्रम वांचतात! आमचा आक्षेप या आळसाला आहे.

शिक्का मारणारांस आधार मुळींच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. ससेक्स परगण्यांतील क्रॉली गांवच्या शाळूसोबत्यांनीं काढलेल्या या वृंदाचे १९८० ते १९८२ या काळांतील तीन गीतसंग्रह, ‘सेव्हन्टीन सेकंड्स’, ‘फेथ’ व ‘पॉर्नोग्राफी’, उत्तरोत्तर काळोखे होत गेले. प्रमुख गायक रॉबर्ट स्मिथ याचे विस्कटलेले केस आणि ओठांवरचा फिसकटलेला रंग, हें सोंगही नाटकी खरें. परंतु पुढें काय झालें? १९८३ सालीं याच स्मिथनें ‘द लव्हकॅट्स’ हें जॅझच्या वळणाचें खट्याळ गाणें केलें, आणि तें ब्रिटनमध्यें पहिल्या दहांत गेलें. काळोखाचे सोंवळे भक्त यास बाटगेपणा म्हणतात.

या सोंवळ्यांस आम्ही विचारतों: १९८९ च्या ‘डिसइंटिग्रेशन’चें काय करणार? वृंदाच्या सर्वांत उदास कृतींत त्याची गणना होते. आणि त्यांतच स्मिथनें पत्नीला विवाहाची भेट म्हणून रचलेलें ‘लव्हसाँग’ आहे. तें अमेरिकेंत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. १९९२ च्या ‘विश’मध्यें ‘फ्रायडे आय अ‍ॅम इन लव्ह’ या आनंदगीताबरोबरच ‘अपार्ट’सारखें दुराव्याचें गाणें नांदतें. खिन्नता तेवढी खरी आणि हर्ष मात्र विक्रीचा, ही वांटणी श्रोत्यांनीं केलेली आहे. गाण्यांत ती सांपडत नाहीं.

दुसरा पक्ष आमच्या अधिक जवळचा, म्हणजे सुशिक्षित गृहस्थांचा. असलें रडगाणें तरुणांचीं मनें नासवितें, असें त्यांचें म्हणणें. शोक या स्थायीभावापासून करुणरस सिद्ध होतो, असें ज्यांच्या साहित्यशास्त्रानें शिकविलें, त्यांनींच हें म्हणावें, याचें नवल वाटतें! भवभूतीचें ‘उत्तररामचरित’ पाहून डोळे पुसणारा प्रेक्षक रोगी ठरत नाहीं. मग खोलीचें दार लावून हीं गाणीं ऐकणारा मुलगाच कां ठरावा?

२०२४ सालीं, सोळा वर्षांच्या खंडानंतर, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा आठ गीतांचा संग्रह निघाला. त्यांतील ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हें गीत स्मिथच्या थोरल्या भावाच्या मृत्यूवर आहे. साठी ओलांडलेला हा गायक येथें पोरवयांतली निराशा मिरवीत नाहीं. माणूस गेल्यावर घरांत जें उरतें, तें तो गातो. हा संग्रह ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर गेला. ‘विश’नंतर हा मान प्रथमच मिळाला. तो विकत घेणारे सगळेच काळे कपडे घालून हिंडत होते काय? घरांत मृत्यू पाहिलेल्या कोणाही वाचकानें हें एवढें एक गीत ऐकावें, आणि मग खुशाल नांवें ठेवावींत.