आजीचा आवाज म्यूटवर

शनिवारची सकाळ. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून कंबरडं मोडलेलं. कॉफीचा मग घेऊन सोफ्यावर नुकतीच आडवी झाले होते, तेवढ्यात बाबांचा फोन. "तू कॉम्प्युटरवाली ना? मग जरा घरी ये. आजीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून द्यायचाय. पाच मिनिटांचं काम आहे."

फ्रेंड्स, एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. 'पाच मिनिटांचं काम' नावाची गोष्ट या जगात अस्तित्वातच नाही. आणि त्यात 'व्हिडिओ' हा शब्द आला, की समजायचं, रविवारही गेला!

आधी भानगड काय होती ते सांगते. २००६ साली आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मी तेव्हा पाचवीत. माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, पहिल्या पगारातून डीव्हीडी हँडीकॅम घेतलेला. त्यात ती छोटी, आठ सेंटिमीटरची डिस्क जायची, आठवतेय? नागपूरची आत्या पाय मोडून प्लास्टरमध्ये, त्यामुळे ती येऊ शकली नाही. म्हणून दादाने कॅमेरा स्टँडवर लावला, आजीला समोर बसवलं, "आत्याला काय सांगायचंय ते सांग" म्हणाला आणि स्वतः पंगतीत जिलबी हाणायला पळाला.

आजी दोन मिनिटं बोलली. एकटीच. चार महिन्यांनी ती गेली.

नंतर फाइल उघडली तर चित्र एकदम झक्कास, पण आवाज गुल! अख्खा कार्यक्रम मूकपट. आमच्या घरचा 'राजा हरिश्चंद्र'च म्हणा ना. सगळ्यांनी निकाल देऊन टाकला, दादा माईक चालू करायला विसरला. तेव्हापासून जवळपास वीस वर्षं घरातल्या प्रत्येक कार्यात दादाला फक्त पाणी वाढायचं काम मिळतं. त्यालाही वाटायचं, आपलंच चुकलं. आत्याचं मात्र वेगळंच. ती आजीचे हलणारे ओठ बघायची आणि विचारायची, "आई माझ्यावर चिडली होती का रे? कपाळाला आठी दिसतेय." यावर कोण काय बोलणार?

यंदा आत्याची पंच्याहत्तरी. बाबांना ते दोन मिनिटं हॉलच्या पडद्यावर दाखवायची होती, आवाजाविना का होईना. आणि हॉलवाल्या काकांनी ठणकावून सांगितलेलं, "पेनड्राइव्हवर एमपी४ आणा. दुसरं काही चालणार नाही."

शीर्षासन आणि हिरवा पडदा

फाइल होती एव्हीआय. दादाचा पीसी तेव्हाच फॉरमॅट झालेला, छोटी डिस्क ओरखडे पडून बाद. उरली ती बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवरची ७०० एमबीची एकुलती एक फाइल. मी आधी तिच्या दोन कॉपी काढल्या. (हे पहिलं काम. नंतर रडत बसायचं नसेल तर.)

मग बाबांच्याच पीसीवरचा एक मोफत कन्व्हर्टर चालू केला. ३७ टक्क्यांवर गाडी अडली ती अडलीच. दुसरा लावला. काम फत्ते, पण आजी उलटी! ऐंशी वर्षांची बाई शीर्षासनात. तिसऱ्याने नुसता हिरवागार पडदा दिला. आई म्हणाली, "जाऊ दे ना, फोटो लावू." बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा काही बोलत नाहीत तेव्हा जास्त टेन्शन येतं.

कंट्रोल पॅनल उघडलं आणि डोळेच पांढरे झाले. तीन कोडेक पॅक, दोन डीव्हीडी प्लेअर, चार कन्व्हर्टर! इतक्या वर्षांत जेव्हा जेव्हा काही चाललं नाही, तेव्हा शेजारपाजारच्या कुठल्या ना कुठल्या 'हुशार' मुलाने येऊन एक पॅक टाकला होता. आधीचा मात्र कोणीच काढला नव्हता. आपल्या सोसायटीच्या कमिट्यांसारखं. नवी येते, जुनी जात नाही, आणि पाण्याचा पंप दोघी मिळून बंद पाडतात.

डब्यावर बेसन, आत रवा

आता जरा थिअरी. घाबरू नका, स्वयंपाकघरातलीच आहे.

एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही हे नुसते डबे. मायक्रोसॉफ्टने एव्हीआयचा डबा १९९२ मध्ये आणला. डब्यात चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने. हे दाबायचं आणि पुन्हा उलगडायचं काम करतो तो कोडेक. म्हणजे 'माझ्याकडे एव्हीआय आहे' म्हणणं म्हणजे 'माझ्याकडे स्टीलचा डबा आहे' म्हणण्यासारखं. आत बेसन आहे का रवा, उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच फाइलचं नाव बदलून शेवटी एमपी४ लिहिलं की काम झालं, असं समजणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. डब्यावरची चिठ्ठी बदलून रव्याचं बेसन होत नसतं!

एव्हीआयच्या डब्यात चित्राबरोबर चार अक्षरांची एक खूण असते. 'डीएक्स५०' म्हणजे डिव्हएक्स, 'एक्सव्हीआयडी' म्हणजे एक्सव्हिड. (एक्सव्हिड म्हणजे डिव्हएक्स उलटं लिहिलेलं. हा पोरांचा विनोद.) विंडोजवरचे जुने प्लेअर आणि बरेचसे कन्व्हर्टर स्वतः काही उलगडत नाहीत. ते ही खूण वाचतात आणि सिस्टिमला विचारतात, "हे कोणाला येतं?" पीसीवर एकच कोडेक असेल तर तो उठतो आणि कामाला लागतो. तीन असतील तर तिघंही हात वर करतात. मग सिस्टिम काय करते? प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो, त्याला चक्क 'मेरिट' म्हणतात. ज्याचं मेरिट जास्त, त्याला ॲडमिशन! आणि काही पॅक इन्स्टॉल होतानाच स्वतःचे मार्क स्वतःच वाढवून घेतात. रीचेकिंग नाही, काही नाही.

शिवाय ३२-बिटच्या प्रोग्रॅमला ३२-बिटचाच कोडेक चालतो, ६४-बिटच्याला ६४-बिटचाच. त्यामुळे एकाच पीसीवर एका प्लेअरमध्ये चित्र दिसतं आणि दुसऱ्यात नाही. आणि एकाने रंग एका पद्धतीने दिले, दुसऱ्याने भलत्याच समजून घेतले, की हिरवा पडदा किंवा शीर्षासन. थोडक्यात, फाइल बिघडलेली नसते. वाढणारे भांडत असतात आणि ताट रिकामं राहतं.

आणि मग खालची ओळ

आत नेमकं काय भरलंय ते बघायला मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मीडियाइन्फो नावाचं छोटंसं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. (ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकायचं तर आयटीवाल्यांकडे तिकीट, मॅनेजरचं ॲप्रूव्हल... तोवर आत्याची शंभरी आली असती.) मीडियाइन्फो काही वाजवत नाही, फक्त डब्यात काय आहे त्याची यादी देतं. मला हवी होती चित्राची ओळ. मिळाली, डिव्हएक्स. खिडकी बंद करणार, तेवढ्यात खाली नजर गेली.

'ऑडिओ. एसी-३. दोन चॅनल.'

म्हणजे? आवाज आहे?

मी लॅपटॉपच्या प्लेअरमध्ये फाइल लावली. शांतता. फोनवर लावली. शांतता. क्षणभर वाटलं, असेल, पण रिकामा असेल. मग व्हीएलसी टाकला. पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांच्या प्रोजेक्टमधून हा प्लेअर निघाला आणि २००१ पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे. त्याची खासियत एकच. तो सिस्टिमला काही विचारतच नाही, आपले डिकोडर आपल्याबरोबर घेऊन फिरतो. घरचा डबा घेऊन ऑफिसला जाणाऱ्या माणसासारखा. कँटीनच्या भांडणाशी त्याला काय देणंघेणं!

प्ले दाबलं. आधी भांड्यांचा आवाज आला. मग कोणीतरी "वरण, वरण" ओरडलं. आणि मग आजी खाकरली.

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला. आई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. कोणी काहीच बोललं नाही.

मग वीस वर्षं काय झालं होतं?

तर ऐका. दादाच्या कॅमेऱ्यासारखे डीव्हीडी हँडीकॅम चित्र एमपेग-२ मध्ये आणि आवाज बहुधा एसी-३ मध्ये, म्हणजे डॉल्बी डिजिटलमध्ये, भरायचे. डीव्हीडी सिनेमांतही हाच आवाज असायचा. दादाने एव्हीआय बनवताना चित्र डिव्हएक्समध्ये बदललं आणि आवाज मात्र होता तसाच उचलून ठेवला. चूक काहीच नाही, उलट शहाणपणाच! पण बाबांच्या पीसीवर ज्या पॅकचं मेरिट जास्त, त्याच्या सेटिंगमध्ये एक टिक मारलेली होती. एसी-३ आवाज न उलगडता थेट डिजिटल आउटपुटकडे पाठवा. होम थिएटर असेल तर तिकडचा ॲम्प्लिफायर तो उलगडतो. बाबांकडे होते दोन साधे स्पीकर, ते बसले गप्प. गाण्यांच्या एमपी३ मस्त वाजायच्या, त्यामुळे शंका कोणालाच आली नाही.

माझ्या लॅपटॉपच्या प्लेअरला आणि फोनला तर एसी-३ येतच नव्हतं. हे कोडेक वापरायला पूर्वी लायसन्सचे पैसे पडायचे. पेटंट २०१७ मध्ये संपलं, तरी ते सगळीकडे असतंच असं नाही. म्हणजे तीन ठिकाणी आवाज नाही आला, कारणं दोन, आणि शिक्षा झाली दादाला.

तुमच्याकडेही 'आजी' असेल तर

कन्व्हर्जन मग मी हँडब्रेकने केलं. तोही मोफत, आणि व्हीएलसीसारखाच स्वतःचे डिकोडर बाळगणारा. कॉपी करून ठेवा:

एक. आधी मूळ फाइलची कॉपी, मग मीडियाइन्फो. आत काय आहे हे कळल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करायचं नाही.

दोन. जुने कोडेक पॅक एकेक करून काढा, पीसी रीस्टार्ट करा. एका पॅकवर दुसरा पॅक हा उपाय नाही, तोच आजार आहे.

तीन. डबा एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी. हे जवळजवळ सगळीकडे चालतं. आवाजाच्या जागी 'पासथ्रू' निवडू नका, नाहीतर तोच एसी-३ नव्या डब्यात जाईल आणि हॉलमध्ये पुन्हा मूकपट!

चार. क्वालिटीचा आरएफ आकडा जुन्या, छोट्या व्हिडिओला १८ ते २२. आकडा कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. हलणाऱ्या हाताभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर डीइंटरलेस चालू करा. फ्रेमरेट 'कॉन्स्टंट' ठेवा.

पाच. आधी फक्त तीस सेकंदांचा तुकडा बनवा आणि जिथे लावायचाय तिथे लावून बघा. मूळ फाइल कधीही डिलीट करू नका.

सहा. कुठल्याही साइटने 'व्हिडिओ बघायला हा कोडेक डाउनलोड करा' म्हटलं तर पळा. २००५-०६ च्या सुमारास झ्लॉब नावाचा ट्रोजन कोडेकचा मुखवटा घालूनच घराघरांत शिरला होता.

आणि ही जुन्या काळची कटकट आहे असं समजू नका हं. आयफोनवरून घेतलेला ऑफिस पार्टीचा व्हिडिओ कलीगच्या विंडोजवर उघडत नाही ना? तीच गोष्ट. २०१७ पासून नवे आयफोन डीफॉल्ट एचईव्हीसीमध्ये भरतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा, पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील.

पंच्याहत्तरी

हॉलमध्ये दिवे मालवले. दादा सवयीने पाण्याचा जग घेऊन उभा. पडद्यावर आजी आली, खाकरली आणि म्हणाली, "ए पोरी, तू आली नाहीस ते बरंच केलंस. मोडका पाय घेऊन धडपडत येणार होतीस होय? डॉक्टर सांगेल तेवढी झोप. आणि हे यंत्र बंद कोण करणार? सगळे जेवायला गेले. डोळ्यावर उजेड येतोय मेला!"

कपाळावरची आठी त्या उजेडाची होती.

मग जरा थांबून, "शंभरीला ये मात्र."

आत्या हसली, रडली, मग पुन्हा हसली. "परत लाव," म्हणाली. तीन वेळा लावला. नंतर उठली, दादाच्या हातातला जग काढून बाजूला ठेवला आणि त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी पाणी बाबांनी वाढलं.

तुमच्या कपाटात, जुन्या हार्डडिस्कवर 'खराब आहे' म्हणून टाकून दिलेली एखादी फाइल असेलच. येत्या शनिवारी ती काढा. पाच मिनिटांचं तर काम आहे!