चंबळेची वाळू

चंबळेवर नौकाविहारास जाणाऱ्या सुशिक्षित मंडळींची एक तक्रार असते. सुसर दुरूनच पाहावयाची, काठाच्या वाळूवर उतरावयाचे नाही. कोसगणती वाळवंट नुसते पडून असता माणसासच तेवढी बंदी का?

आमचे उत्तर असे की, ते वाळवंट रिकामे नाही. मार्च-एप्रिलात ही लांब तोंडाची मासेखाऊ सुसर उंच काठाच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते; मेअखेर वा जूनात पिले निघेपर्यंत ती वाळूच त्यांस ऊब देते. त्याच दिवसांत पाणचिरा पक्षी नदीतील बेटांवर उघड्या वाळूत अंडी घालतो. पाणी ओसरून बेट काठास लागले की कोल्ह्याकुत्र्यांस वाट मोकळी होते. १९६० साली वरच्या अंगास गांधीसागर धरण व कोट्याचा बंधारा झाल्यापासून उन्हाळ्यातील प्रवाह बराचसा माणसाच्या मर्जीवर आहे. पाणी गेले, आता वाळूही द्यावयाची काय?

जगातील रानटी सुसरींपैकी बहुसंख्य आज या एकाच नदीत आहेत. २००७-०८ च्या हिवाळ्यात त्यांपैकी शंभराहून अधिक मेल्या. इतक्या नाजूक संसारात दुरून पाहण्याची अट कोणास जाचक वाटावी? परक्या घरी बाळंतिणीच्या खोलीत आपण जोडे घालून शिरत नाही.

परंतु आमचा खरा वाद विहार करणाऱ्यांशी नाही. अभयारण्यात वाळू उपसण्यास मनाई असूनही ट्रॅक्टर भरभरून ती चोरीने जाते, आणि सुसरीची अंडी असलेला काठच त्यांबरोबर जातो. यावर, 'माणसांनी घरे बांधावयाची नाहीत काय?' असा प्रश्न ठरलेला. घरे अवश्य बांधावी. दगड दळून केलेली वाळू बाजारात मिळते. तेव्हा माणूस की सुसर हा पेच मुळातच खोटा आहे. खरा पेच चार पैशांची बचत की सुसर, हा आहे. आणि ती बचत कायदा मोडून होत असते.

चोरीचा माल घेणारा नसेल तर चोर फार दिवस टिकत नाही. ग्वाल्हेरीकडे पिढ्यान्पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच की, सुट्टीत मुलांस सुसर दाखवावयास नेण्यापूर्वी आपल्या घराच्या ठेकेदारास वाळूची पावती मागावी. ज्या हौशीने आपण नदी पाहावयास जातो, तिची एवढी किंमत मोजण्याची तयारी नसेल, तर त्या हौशीस निसर्गप्रेम हे नाव देऊ नये.