ॲप सुरू होतं का?

31 डिसेंबर 2013 च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोत रस्ता ओलांडणाऱ्या कुटुंबाला मोटारीने उडवलं. सहा वर्षांची मुलगी दगावली. आई आणि भाऊ जखमी झाले. चालक उबरवर गाडी चालवणारा. ॲप सुरू होतं, आपण भाड्याची वाट पाहत होतो, असं त्याचं म्हणणं. गाडीत प्रवासी नव्हता, म्हणून कंपनीने हात झटकले. कुटुंबाने दावा ठोकला, 2015 मध्ये तडजोड झाली, रक्कम गुलदस्त्यातच राहिली. दरम्यान कॅलिफोर्नियाने कायदा केला, त्यानुसार जुलै 2015 पासून विमा चालकाच्या फोनवर ठरू लागला: नुसतं ॲप सुरू असेल तर एका जखमीमागे किमान 50 हजार डॉलर, भाडं स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत 10 लाख. हाड तेच मोडतं, दर तेवढा बदलतो! साहजिकच जखमीच्या वकिलाला पोलिसांच्या अहवालाइतकीच ॲपमधली वेळेची नोंद हवी असते. जानेवारी 2026 पासून मात्र एका कवचाला मोठी कात्री लागली आहे. धडक देणारी दुसरी गाडी विनाविमा निघाली, तर प्रवाशासाठी असलेली 10 लाखांची तरतूद आता माणशी 60 हजारांवर आली. भाडी उतरतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद. आणि जखमीला दावा दाखल करायला मुदतही साधारण दोन वर्षांचीच आहे.