स्टेंट बसला, पण ल्युपसचे काय?

चाळिशीही न गाठलेल्या बाईच्या छातीत दुखले, की ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून विषय संपवला जातो. तिला ल्युपस असेल, तर ही समजूत जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत ५० पटींहून अधिक आढळला होता.

ल्युपस हा केवळ सांध्यांचा किंवा त्वचेचा आजार नाही. त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि सततच्या दाहामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते. दीर्घकाळच्या स्टेरॉइडमुळे रक्तदाब आणि साखर वाढू शकते. काहींच्या रक्तात गुठळ्यांना कारणीभूत ठरणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडेही असतात. त्यांच्यात स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो.

अँजिओप्लास्टीने अडथळा दूर होतो, दाह नाही. झटका आला असताना ती लांबवू नये, हे खरेच. मात्र रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोललेच पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या, किती दिवस, स्टेरॉइड किती, हे दोघांनी मिळून ठरवावे. रोजचे स्टेरॉइड अचानक बंद होणे धोक्याचे असते.

रुग्णानेही सांध्यांची फाइल हृदयाच्या डॉक्टरांपुढे आवर्जून ठेवावी. फायली दोन असल्या, तरी शरीर एकच असते.