नित्य, नैमित्तिक आणि काम्य : घरगुती जनित्राचा हिशेब

न मिळालेलें मिळविणें यास आपल्या शास्त्रकारांनीं योग म्हटलें आणि मिळालेल्याचें रक्षण करणें यास क्षेम. गृहस्थाचें बहुतेक आयुष्य योगाच्या मागें जातें. क्षेमाची आठवण संकट दाराशीं आल्यावर होते.

दापोलीकडील एका वाचकभगिनीनें पत्रीं विचारलें आहे : "आमचें नऊ माणसांचें एकत्र कुटुंब. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हां सासूबाई धडधाकट होत्या. आतां त्यांस रात्रीं प्राणवायूचें यंत्र लावावें लागतें. भावोजी म्हणतात, सगळें घर चालेल असें मोठें जनित्र घ्यावें. मामंजी म्हणतात, वर्षांतल्या चार दिवसांसाठीं एवढा पैसा कशास? आम्हीं काय करावें?" हा प्रश्न अनेक घरांचा असल्यामुळें उत्तर येथेंच देतों.

जनित्राची किंमत दुकानदार सांगतो खरा, परंतु ती ठरते घरांत. त्यावर काय काय चालवावयाचें यावरून. मीमांसक कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद करतात. विजेच्या उपकरणांसही ही वांटणी चपखल बसते. प्राणवायूचें यंत्र सुमारें ३५० वॅट, चार पंखे ३००, फ्रीज २००, दिवे १०० : हीं नित्य, बेरीज ९५०. विहिरीवरील एक अश्वशक्तीचा पंप नैमित्तिक. त्यास सुमारें १,००० वॅट लागतात. दोन वातानुकूलन यंत्रें व पाणी तापविण्याचा गीझर हीं काम्य. तीं एकटींच ५,००० वॅटपर्यंत जातात. म्हणजे पहिल्या दोन वर्गांचें काम दोन किलोवॅटांत भागतें आणि तिसऱ्याचा समावेश केला कीं तें सातांवर जातें.

आतां दुकानांतील भाषा. जनित्राची शक्ति के.व्ही.ए.मध्यें सांगतात, तिला ०.८ नें गुणलें म्हणजे किलोवॅट मिळतात. पांच के.व्ही.ए. म्हणजे चार किलोवॅट. दोनांची गरज असतां चार कशास, असें कोणी विचारील. पंप सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढतो. ही जादा शक्ति त्या क्षणासाठीं. मात्र याहून मोठें यंत्र घेऊं नये. डिझेलचें इंजिन फार हलक्या भारावर चालविलें तर इंधन पुरतें जळत नाहीं, काजळी धरते आणि प्रत्येक युनिट महाग पडतें.

पांच के.व्ही.ए.च्या यंत्राची किंमत हिशेबापुरती दोन लाख रुपये धरूं. त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे ३६,०००. चौथरा, भूसंपर्क, केबल, धुराडें व बदलकळ यांसाठीं आणखी चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवावे. एकूण पावणेतीन लाखांच्या पुढें. दुकानदार बहुधा पहिलाच आंकडा सांगतो. बाकीचे घरीं आल्यावर कळतात.

पुढें इंधन. असें यंत्र मध्यम भारावर ताशीं सुमारें एक लिटर डिझेल खातें. लिटरला ९० रुपये धरले तर अहोरात्र चालविण्यास दिवसाचे २,१६० रुपये आणि दहा दिवसांचे २१,६०० होतात. यासाठीं माझी सूचना अशी, कीं जनित्राच्या जोडीस इन्व्हर्टर व १५० ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या ठेवाव्या. दिवसां आठ तास जनित्र चालवावें. तेवढ्यांत टाकी भरते, फ्रीज थंड होतो आणि बॅटऱ्याही बव्हंशीं भरतात. रात्रीं बॅटऱ्यांवर फक्त प्राणवायूचें यंत्र व एखादा दिवा ठेवावा. पांच-सहा तास निघतात. उरलेल्या वेळासाठीं, आणि यंत्रच बंद पडलें तर, प्राणवायूचें भरलेलें नळकांडें वैद्याच्या सल्ल्यानें घरीं असलेंच पाहिजे. दहा दिवसांचें डिझेल मग ७,२०० रुपयांत भागतें.

दोन ठिकाणीं मात्र काटकसर करूं नये. पहिलें बदलकळ. तिच्यामुळें घराचा संबंध एका वेळीं बाहेरच्या तारेशीं किंवा जनित्राशीं, एकाशींच राहतो. ती न बसवितां भिंतींतील खोबणींतून वीज उलटी सोडली, तर ती बाहेरच्या तारेंत शिरते, आणि तार मेलेली समजून खांबावर चढलेला वायरमन प्राणास मुकूं शकतो. आपल्या घरीं दिवा लागावा म्हणून तोच दिवा पूर्ववत् आणण्यास आलेल्या माणसाचा बळी जावा, याहून मोठें पाप तें कोणतें? दुसरें, यंत्राची जागा. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेलें माणूस त्यांत जागेंही होत नाहीं. म्हणून पडवींत, जिन्याखालीं किंवा खिडकीजवळ यंत्र ठेवूं नये. तें उघड्यावर, घरापासून दूर असावें. कवच आवाज अडवितें, विष अडवीत नाहीं.

तेव्हां भगिनींनीं मामंजींस सांगावें, कीं चार दिवसांचा हा खर्च सासूबाईंच्या श्वासासाठीं आहे; आणि भावोजींस सांगावें, कीं वातानुकूलनाची हौस त्यांत मिसळूं नये. दोघांचेंही म्हणणें थोडथोडें खरें आहे. यंत्र आल्यावर महिन्यांतून एकदां अर्धा तास तें भारासह चालवावें, आणि बदलकळ फिरविणें घरांतील स्त्रियांसह प्रत्येक जाणत्या माणसास शिकवावें. वादळ येतें तेव्हां घरांतले पुरुष घरींच असतील, असा नेम नसतो.