सुभेदार रामजींनी घर कुठे केले?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातले एक हवालदार मध्यंतरी आम्हाला भेटायला आले होते. महार रेजिमेंटमध्ये २४ वर्षे नोकरी करून ते नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. वय अवघे ४३. जयभीम झाला, चहा झाला आणि त्यांनी सरळ विषयाला हात घातला. "दादा, रिटायरमेंटचे पैसे हातात आलेत. भाऊ म्हणतो गावी ये, वडिलांच्या जागेत स्लॅबचे घर बांधू. बायको म्हणते मुलीची बारावी आहे, मी घाटकोपर सोडणार नाही. आई म्हणते आधी आपल्या खोलीचे काय होते ते बघ. पलटणीत हुकूम यायचा, बिस्तरा बांधायचा आणि निघायचे. आता हुकूम देणारा कोणी नाही. काय करू?"

त्यांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात. गावात वाडी अर्थातच बौद्धवाडी. हा प्रश्न एका हवालदाराचा नाही. घाटकोपर, विक्रोळी, चेंबूर, कल्याण, नाशिक, नागपूर, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे तिथे फौजेतून परतलेल्या प्रत्येक घरात तो आज ना उद्या उभा राहतो. म्हणून त्याचे उत्तर समाजापुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

गावी जा म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. गावात खर्च कमी, हवा चांगली, माणसे आपली. शिवाय जवान निवृत्त होऊन आला की अलीकडे गावोगाव त्याची मिरवणूक निघते. उघडी जीप, फुलांचे हार, 'भारत माता की जय'च्या घोषणा! ज्याने तारुण्य देशाच्या सीमेवर घालवले, त्याचा सत्कार झालाच पाहिजे. पण आमचा एक साधा सवाल आहे. ती मिरवणूक बौद्धवाडीच्या वाटेला वळते का? की गावच्या चौकात संपते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच जवान पुन्हा 'तुमच्या वाडीतला' होतो? ज्याच्या गावात ती बौद्धवाडीपर्यंत येते त्याने आनंदाने गावी जावे. ज्याच्या गावात येत नाही त्याने मात्र दहा वेळा विचार करावा.

हा विचार आपल्यापैकी एका फौजी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता. त्याचे नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. आपण त्यांना बाबासाहेबांचे वडील म्हणून वंदन करतो. पण एक निवृत्त पेन्शनर म्हणून त्यांनी काय निर्णय घेतला, याकडे आपले लक्ष जात नाही. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. महूच्या छावणीतून १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. महिना ५० रुपये पेन्शन. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. तिथे जाऊन, अंगणात खाट टाकून, 'सुभेदार' म्हणवून घेत त्यांना उरलेले आयुष्य आरामात काढता आले असते.

पण रामजींनी ते केले नाही. ते दापोलीला गेले, कारण तिथे फौजी पेन्शनरांची वस्ती होती. तिथून नोकरीसाठी साताऱ्याला गेले. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले. हाच दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे १९०४ मध्ये सुभेदारांनी कुटुंब मुंबईला हलवले आणि परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत संसार मांडला. त्या एका खोलीत माणसेही राहत होती आणि मुलाचा अभ्यासही चालत होता. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकावा म्हणून सुभेदार त्या खोलीत राहिले. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की लेकींकडून दागिना मागून तो गहाण टाकला. म्हणजे निवृत्तीनंतर सुभेदारांनी घर कुठे केले? जिथे मुलाची शाळा, तिथे घर! आंबडव्यात त्यांनी वाडा बांधला असता, तर आज या देशाची राज्यघटना कोणी लिहिली असती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आणि वर्दीने, पेन्शनने जात पुसली जाते असे ज्यांना वाटते त्यांनी मसूर स्टेशनचा प्रसंग आठवावा. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. १९०१ मध्ये सुभेदारांची मुले त्यांना भेटायला निघाली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. पण जात कळताच बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली, आणि रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळाले नाही. ही मुले एका सुभेदाराची होती! हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वर्दी माणूस पाहत होती. रस्ता जात पाहत होता.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके आहे, हा त्यांचा निष्कर्ष पुस्तकी नव्हता. तो मसूरच्या रस्त्यावर तहानलेल्या मुलाचा निष्कर्ष होता. आज कोकणातली परिस्थिती १९०१ ची नाही, हे आम्ही मान्य करतो. पण २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत जे घडले तेही याच महाराष्ट्रातल्या खेड्यात घडले. शिकणारी मुले आणि स्वतःच्या शेतावर पाय रोवून उभे राहिलेले कुटुंब गावाला सहन झाले नाही. हे विसरून कोणी गावाचे स्वप्न रंगवू नये.

मग गावाशी संबंध तोडायचा का? अजिबात नाही! गाव सोडणे म्हणजे सातबारा सोडणे नव्हे. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले, पण त्या जमिनी कोणाच्या नावावर लागल्या, कोणाच्या ताब्यात राहिल्या, हा प्रश्न अनेक गावांत आजही धुमसतो आहे. आयुष्याच्या अखेरीस, १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत, खेड्यातल्या भूमिहीन बांधवांसाठी आपण फारसे करू शकलो नाही ही खंत बाबासाहेबांनी बोलून दाखवली. ती खंत उराशी धरूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. तेव्हा हवालदारांनी गावी जरूर जावे. वडिलांच्या नावाचा उतारा काढावा, वारसनोंद करून घ्यावी, भावाशी वाटणी कागदावर करावी. मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाला जात पडताळणी लागेल. तिच्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात आणि गावच्या दप्तरातच सापडतो. तो आत्ताच शोधावा, प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

ज्यांना गावातच राहायचे आहे त्यांच्यासमोरही एक आदर्श आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. पण स्वस्थ बसले नाहीत. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना जाब विचारला. सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी विनंतीपत्र तयार केले. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि अस्पृश्य माणूस आपल्या पंगतीला खुर्चीवर बसतो म्हणून सवर्ण सभासदांचा तिळपापड झाला. त्याच महाडात १९२७ चा संग्राम झाला, आणि त्या संग्रामात कोकणातले फौजी पेन्शनर छाती काढून उभे होते, हा योगायोग नव्हे. १९४१ च्या १ ऑक्टोबरला बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट ही त्याच मागणीचे फळ आहे. गावात राहायचे तर असे राहायचे. ग्रामसभेत उभे राहून हिशेब मागायचा, वाडीच्या नळाचा, रस्त्याचा, दफनभूमीचा प्रश्न लावून धरायचा. हे ज्याला जमणार असेल त्याने गावी जावे. नुसते खाटेवर बसून पेन्शन मोजायला जाऊ नये.

आता घाटकोपरचे बोलू. ११ जुलै १९९७ ला याच रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि न्याय मागायला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा जीव गेले. तेव्हा आमचे हवालदार शाळकरी पोर होते. पुढे त्याच वस्तीतून ते देशाच्या रक्षणासाठी फौजेत गेले, यातच या वस्तीचा मोठेपणा आहे. आज त्याच वस्तीची पुनर्बांधणी एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. पूर्व मुक्त मार्ग छेडानगरहून ठाण्याकडे नेण्याचे कामही त्याला जोडलेले आहे. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत, त्यानंतर २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, असा सरकारचा नियम आहे. खोली आईच्या नावावर, लाइटबिल वडिलांच्या नावावर, मुलगा २४ वर्षे बाहेर! अशा वेळी कागद घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला घरात कोणीतरी शिकलेला, न घाबरणारा माणूस हवा. म्हातारी एकटी भाड्याच्या घरात आणि मुलगा गावी स्लॅबवर पाणी मारतोय, असे चित्र आम्हाला दिसू नये.

पैशाचेही नीट समजून घेतले पाहिजे. हातात आलेली मोठी रक्कम म्हणजे ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स आणि कम्युटेशन. त्यातले कम्युटेशन ही बक्षिसी नाही. ती आपलीच पुढची पेन्शन आगाऊ घेतलेली असते. त्यापोटी पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग १५ वर्षे कापला जातो. म्हणजे ४३ व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळणार. नेमकी हीच १५ वर्षे मुलांच्या शिक्षणाची आहेत! ती रक्कम गावच्या घरात ओतली, की मुलीच्या फीसाठी सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. त्यापेक्षा माजी सैनिकांसाठी केंद्राच्या नोकऱ्यांत गट 'क' मध्ये १० टक्के आणि गट 'ड' मध्ये २० टक्के जागा आहेत, त्यांच्या परीक्षा द्याव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. २००३ पासून चालू असलेल्या ईसीएचएस योजनेचे कार्ड आपले, पत्नीचे, आईचे करून घ्यावे. दुर्गम वाडीतून पॉलिक्लिनिक गाठायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. २०२२ मध्ये सरकारने अग्निपथ योजना आणली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये देऊन घरी पाठवायचे. पेन्शन नाही, माजी सैनिकाची वैद्यकीय सुविधा नाही. म्हणजे आमच्या वस्तीतला पोरगा बाविशी-पंचविशीत रिकाम्या हाताने परत येणार. रामजी सुभेदारांकडे निदान पन्नास रुपयांची पेन्शन होती, तिच्या जोरावर त्यांनी मुलगा घडवला. या मुलांनी काय करायचे? त्यांना परीक्षेचा फॉर्म कोण भरून देणार? 'फौजेत पाहिलेला माणूस' म्हणून वाट कोण दाखवणार? हे काम आजच्या पेन्शनर हवालदारांचे आहे, आणि ते बौद्धवाडीच्या ओट्यावर बसून होण्यापेक्षा रमाबाई नगरच्या बुद्धविहारात अधिक होण्यासारखे आहे.

हवालदारांना आम्ही एवढेच सांगितले. मुलीचे शिक्षण आणि आईची खोली मार्गी लागेपर्यंत घाटकोपर सोडू नका. गावचा कागद मात्र हातचा सोडू नका. वर्षातून चार वेळा जा, ग्रामसभेला जा, उताऱ्यावर नाव चढवा. भावाला दुखवू नका, त्याला हिशेब समजावून सांगा. आणि संध्याकाळचे दोन तास विहारात पोरांसाठी ठेवा. साठीनंतर गावी घर बांधावेसे वाटले, तर खुशाल बांधा. तोवर पूर्ण पेन्शनही चालू झालेली असेल आणि मुलगी स्वतःच्या पायावर उभी असेल.

ते उठले, उभे राहिले आणि सवयीने सॅल्यूट करायला गेलेला हात त्यांनी जोडून जयभीम केला. जाताना एवढेच म्हणाले, "भावाला सांगायचे जड जाईल." जड जाणारच. पण परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीतही काही हलके नव्हते.

जयभीम!