तळाचा गाळ

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या पुरुषमाणसाच्या वाट्याला एक काम हमखास येते, ते म्हणजे गच्चीवरची टाकी धुणे. यंदा मी धुळ्यास धाकट्या बहिणीकडे होतो, म्हणून तो मान मला मिळाला. तळाशी बोटभर गाळ निघाला. लोण्यासारखा मऊ, वरून तांबूस, खाली काळपट.

“दादा, फेकू नकोस रे, तुळशीला घालते,” बहीण खालून ओरडली.

मेहुण्यांचे म्हणणे निराळेच. “गाळ तळाशी बसला ना? मग पाणी निवळले! उपसायचा कशाला?”

वाचकहो, टाकीतला गाळ धरणातूनच आला असे काही नव्हे. गंजके नळही आपली भर घालतात. पण मेहुण्यांचे मत आपल्यापैकी बहुतेकांचे असते, आणि तेही थेट धरणांबाबत. धुळेकरांना पाणी मिळते नकाणे व डेडरगाव तलावांचे आणि तापीचे. आम्हा जळगावकरांना वाघूर धरणाचे. पावसाळ्यात वाहून आलेली काळी माती अशा तलावांच्या तळाशी बसते. आपल्या काळ्या दगडात लोह आणि मँगनीज मुळातच आहेत, म्हणून मातीतही आहेत. गावाचे सांडपाणी मिसळले तर जस्त, तांबे, शिसेही येते. (२००० सालापर्यंत पेट्रोलमध्येदेखील शिसे असे, ते रस्त्याच्या धुळीत उतरले.) लोह-मँगनीजचा गंज या धातूंना अंगाशी चिकटवून ठेवतो. इथवर मेहुण्यांचे बरोबर.

पण वैशाखात खोल पाण्यात काय होते ते पाहा. वरचे पाणी तापून हलके होते, तळचे गार आणि जड राहते. दोहोंची मिसळ थांबते. तळाशी कुजणारा पाला तिथला प्राणवायू संपवतो. मग गाळातले जंतू प्राणवायूऐवजी त्या गंजावर आपला श्वास चालवतात. आधी मँगनीज विरघळते, मागून लोह. आणि त्यांना धरून बसलेले सोमल किंवा शिसे मोकळे होऊ शकते. पाणी दिसायला मात्र नितळ! हवा लागल्यावर हळूहळू त्याचा रंग उघड होतो आणि पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी डाग उमटतात.

क्लिफर्ड मॉर्टिमर या इंग्रज शास्त्रज्ञाने चिखल आणि पाणी यांची ही देवघेव १९४१-४२ साली प्रसिद्ध केली. बाहेर महायुद्ध पेटलेले, आणि हा गृहस्थ सरोवरांतला चिखल तपासतो आहे! मला अशा माणसांचा फार आदर वाटतो.

आणखी एक गुंता आहे. प्राणवायू पुरता संपला की गाळाला कुजक्या अंड्यांचा वास येतो. त्यातल्या गंधकाशी शिसे पुन्हा जखडले जाते. तो गाळ उपसून उन्हात पसरला की कुलूप उघडते. सरकारने २०१७ साली सुरू केलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना मला पसंत आहे. शेताला सुपीक माती मिळते. पण रानातल्या ओढ्याचा गाळ निराळा आणि सांडपाण्याखालचा निराळा. दुसरा आधी तपासावा, मग गाडीत भरावा.

“मी तर पाणी उकळून घेते,” बहीण म्हणाली. उकळून जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेले मँगनीज बसत नाही. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी पायऱ्यांवरून खळाळत सोडतात, त्याने लोह बसते. मँगनीज हट्टी, त्याला बहुधा क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट लागते. भारतीय मानकात लिटरला मँगनीज ०.१ मिलिग्रॅम चालते, शिसे ०.०१ च. शिसे वाढत्या मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून उन्हाळ्यात धरणाच्या कोणत्या उंचीवरून पाणी घेतात, हा प्रश्न आपण नागरिकांनी विचारायला हवा.

तुळशीला गाळ मिळाला नाही. तिची पाने रोज चहात पडतात. मेहुण्यांनी मात्र लगेच सरबताची जुनी बाटली नळाच्या पाण्याने भरली, तपासायला द्यायची म्हणून. ती मी ओतायला लावली. धातूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच आणायची असते, आम्लाने धुतलेली. भाऊबीज झाली की ते आणणार आहेत.